हात वर जाईल ना, बाई?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या ड्रेसिंग रूममधल्या जखमाही बदलतात. पाल्याने कापलेले हात, बुडख्यांनी फाटलेले तळवे, कोयता निसटून नडगीवर बसलेला घाव. सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात आमचं छोटं हॉस्पिटल आहे, तिथे मी सतरा वर्षं सिस्टर आहे. टाके घालायचे असले की डॉक्टर स्वतः थांबतात. खरचटलं असेल तर केसपेपरवर ‘ड्रेसिंग’ एवढंच लिहून पुढचा पेशंट आत घेतात. वरची साल गेली की मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, म्हणून पुष्कळदा खोल कापण्यापेक्षा हे जास्त झोंबतं. आणि सोलवटतं ते नेमकं पट्टी न टिकणाऱ्या जागी. कोपर, गुडघा, टाच, हनुवटी, काख.

डिसेंबरात बीडकडचं एक जोडपं आलं. बाई चोवीस-पंचवीसची. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, उसात बायका घालतात तसा, आणि त्याची उजवी बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती. आदल्या संध्याकाळी ट्रॉलीवरून उतरताना ट्रॅक्टर हलला, हातातला गज सुटला नाही आणि ती मुरमाच्या रस्त्यावर पाच-सहा पावलं फरपटली. खांद्याची मागची बाजू, काखेची मागची कड आणि तिथून खाली बरगड्यांपर्यंत सगळं सोलून निघालं होतं. डॉक्टरांनी हाडं तपासली, धनुर्वाताचं इंजेक्शन लिहिलं आणि राउंडला गेले.

जखमेवर हळद थापलेली. हळदीवर माझा राग एवढ्यासाठीच की ती जखमेचा रंग झाकते. लाली कुठवर पसरली, पू धरलाय का, काही कळत नाही. बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून दहा मिनिटं थांबले. मग सलाईनची धार सोडत ओल्या गॉजने मुरमाचा एकेक कण काढला. कण आत राहिला तर त्यावरच कातडी येते आणि गोंदल्यासारखा डाग जन्मभर राहतो. आमच्याकडचा एक मुलगा अशा जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून मोकळा होतो. फेस आला की पेशंटला वाटतं औषध लागू पडलं. तो फेस नव्याने येऊ पाहणाऱ्या पेशींनाही सोडत नाही, हे त्याला सांगून मी थकले.

“उघडंच राहू द्या की बाई, हवेनं वाळंल,” नवरा म्हणाला. हे वाक्य रोज ऐकते. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने भरते. तरी अजून शिकलेली माणसंसुद्धा खपलीची वाट बघत बसतात.

जखमेला न चिकटणारा पॅराफिन गॉज मी एकसंध लावला नाही. काखेच्या वळणावर त्याला चुणी पडते आणि चुणीखाली पाणी साचतं. छोटे तुकडे कापून, कौलांसारखे एकावर एक चढवून लावले. वर गॉज, पातळ गॅमजी पॅड, म्हणजे गॉजमध्ये गुंडाळलेला कापूस, आणि रोलर बँडेजचा शोल्डर स्पायका. दंडाभोवती वेढा, खांद्यावर तिढा, छातीवरून पलीकडच्या काखेतून परत. पलीकडच्या काखेतही कापसाची घडी ठेवली. छान बसला होता.

तिने विचारलं, “हात वर जाईल ना, बाई? मोळी डोक्यावर घ्यायचीय.”

मी तपासणीच्या टेबलावरची उशी तिच्या डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, धर. तिने उजवा हात वर नेला. काखेतल्या बँडेजची पार दोरी झाली आणि सगळं गुंडाळत वर सरकलं. ती काही बोलली नाही. उशी तशीच धरून उभी राहिली.

डॉक्टर डोकावले. म्हणाले, “सिस्टर, हात अंगाशी बांधून टाका. म्हणजे बसेल तरी चार दिवस.”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती बसली की त्याचाही खाडा, आणि खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतात. हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. तरीही त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला अजून त्यावरून झोप लागत नाही.

मी स्पायका सोडला. हात वर धरायला लावून, त्याच अवस्थेत ताणाची चिकटपट्टी लावली. कोपरे गोल कापून, जराही न ओढता, कारण ओढून लावलेली पट्टी कातडीला फोड आणते. नवऱ्याला बाजारात पाठवून अर्ध्या बाह्यांची बनियन आणवली, तिच्या मापाहून एक नंबर लहान. आमच्या वॉर्डबॉय मामांनी ती पुढून उभी कापली, मी गॉजच्या पट्ट्यांचे बंद शिवले. पट्टी धरून ठेवायला ती, घाम टिपायला ती, आणि ती ब्लाउजच्या आतून दिसतही नव्हती. पुन्हा उशी. हात गेला. काही हललं नाही. तेव्हा मला फार आनंद झाला, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी आली. खांदा गुलाबी, कोरडा, सुरेख. काखेची मागची कड मात्र पहिल्यापेक्षा दोन बोटं जास्त सोललेली. मी विचारलं, किती मोळ्या वाहिल्यास? ती म्हणाली, “मोजल्या न्हाईत.” पुन्हा बांधलं. सहाव्या दिवशी बोलावलं होतं, आली नाही. टोळी दुसऱ्या फडावर गेली असेल, एवढंच मामा म्हणाले. हात अंगाशी बांधला असता तर कड भरली असती. की तिनेच संध्याकाळी खोपीत सोडून टाकलं असतं?

आठवड्याने त्याच टोळीतली दुसरी बाई आली. टाच सोललेली. म्हणाली, “तिला बांधली तशी बांधा, कामाला जाता येईल अशी.”

पट्टी बांधण्याआधी मी तिला ऊस तोडताना वाकते तसं वाकून दाखवायला सांगितलं.