कांद्याने पाडलं, पण कुणाच्या?

माझं माहेर निफाड तालुक्यात, नोकरी पुण्यात. २०२४च्या लोकसभेआधी घरी फोन लावला की दादा, म्हणजे माझे वडील, एकच विषय काढायचे. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली, लिलावात भाव कोसळले. इकडे ऑफिसात मात्र कांदा आवाक्यात आला म्हणून सगळे खूश. आणि सरकारला शहरी गिऱ्हाईकच आधी दिसतं. १९९८मध्ये महाग कांद्याने दिल्लीची सत्ता घालवली, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही.

४ मे २०२४ला बंदी उठली, शुल्क राहिलंच. २० मेला मतदान झालं आणि दिंडोरीत भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून जास्त मतांनी हरल्या. 'कांद्याने पाडलं' असं सगळीकडे छापून आलं.

मला ते अर्धवट वाटतं. दिंडोरी मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यात निफाड-चांदवडचे कांदा उत्पादक आहेत, तसे सुरगाणा-पेठचे आदिवासीही. आमच्याकडे लागणीला त्याच डोंगराकडच्या बायका टोळीने येतात. चाळीत साठवलेला कांदा आमचा असतो, त्यांची फक्त मजुरी. त्यांची झुंज वनजमीन नावावर होण्यासाठी आहे, मार्च २०१८मध्ये त्याचसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत लोक पायी गेले. निकालानंतर वाहिन्यांचे माईक बाजार समितीत फिरले. या बायकांनी कुणाला आणि का मत दिलं, हे विचारलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

सहा महिन्यांनी विधानसभेला याच मतदारसंघातल्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. तोवर शुल्क २० टक्क्यांवर आलं होतं, हे खरं. पण लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० रुपयेही सुरू झाले होते. गावातले बागायतदार तक्रार करतात, 'आता मजूर मिळत नाहीत.' हातात थोडे पैसे आल्यावर एखादी बाई पडेल त्या मजुरीला नाही म्हणू शकते, याचा आपल्याला त्रास का व्हावा? दादांशी यावरून माझं वाजतं. ते म्हणतात, भाव नाही तर मजुरी कुठून देऊ? त्यांचंही खोटं नाही.

निवडणूक आयोगाच्या फॉर्म २०मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. 'कांदा पट्ट्याचा कौल' असं लिहिणाऱ्यांनी सुरगाण्याची आणि निफाडची केंद्रं एकदा वेगवेगळी मांडून बघावीत.