तिकिटावरची भोकं आणि कंपनीचा कारकून

माझ्याकडे टपालतिकिटांची एक वही आहे, जिच्याकडे बाकीचे संग्राहक ढुंकूनही बघत नाहीत. त्यातल्या प्रत्येक तिकिटात भोकं आहेत. कडेची दातेरी भोकं वेगळी. ही भोकं ऐन राणीच्या गालात, कपाळात पाडलेली, आणि ती जोडली की अक्षरं होतात. याला पर्फिन म्हणतात. बरीच वर्षं लोक हा माल ‘फाटका’ म्हणून कचऱ्यात टाकत होते. मी जन्मभर हिशेबतपासनीस म्हणून काम केलं, त्यामुळे मला मात्र त्यात चोरीला आळा घालायची एक झकास युक्ती दिसते.

मूळ गोष्ट ब्रिटनमधली. १८४० साली पेनी ब्लॅक हे एक पेनीचं, जगातलं पहिलं टपालतिकीट आलं. त्याचा पूर्ण ताव २४० तिकिटांचा, म्हणजे बरोबर एक पौंड, कारण तेव्हा पौंडाचे २४० पेन्स होत. आता विचार करा. कंपनीची रोकड तिजोरीत कुलूपबंद आणि तिकिटांचे ताव कारकुनाच्या खणात! शिवाय तिकीट म्हणजे जवळजवळ पैसाच. छोटी देणी लोक पाकिटात तिकिटं घालून भागवत. सुटी तिकिटं थोडी कपात करून खुद्द पोस्टही परत घेई. रोज पाच-सहा तिकिटं खिशात गेली तरी कुठलाही ताळेबंद ओरडणार नाही. अशी गळती शोधणं म्हणजे वैताग, हे मी अनुभवाने सांगतो.

पहिला ठळक उपाय एका वादविवाद सभेचा. ऑक्सफर्ड युनियन सोसायटीने १८५९ पासून लाल पेनी तिकिटांच्या दर्शनी बाजूवर ‘ओ. यू. एस.’ ही आपली आद्याक्षरं छापून घेतली. पुढे व्यापारी पेढ्यांनी तिकिटाच्या मागे, डिंकाखाली, आपलं नाव छापून घ्यायला सुरुवात केली. कोपस्टेक, मूर, क्रॅम्प्टन ही त्यातली एक, डब्ल्यू. एच. स्मिथ दुसरी. पण मागच्या छपाईत एक गोम आहे. तिकीट पाकिटाला चिकटलं की नाव गडप! विकत घेणाऱ्याने उलटून बघितलं तरच ते कामाचं.

यावर तोड काढली लंडनच्या जोसेफ स्लोपरने. कागदपत्रांना भोकं पाडून खूण करायच्या यंत्राचं पेटंट त्याच्याकडे आधीपासून होतं. तेच तंत्र तिकिटांवर वापरायला १८६८ साली ब्रिटिश टपालखात्याने मान्यता दिली. भोक दोन्ही बाजूंनी दिसतं, धुऊन जात नाही, खरवडता येत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे: अशी खुणेची तिकिटं पोस्ट परत विकत घेणार नाही, असं ठरलं. कारकुनाने घरच्या पत्राला ते तिकीट डकवलं तर भोकं त्याला थोडीच अडवणार? तेवढी चोरी शिल्लक राहिलीच. पण बाजार बसला. विकता येत नसेल तर अख्खा ताव पळवून करायचं काय? मला विचाराल तर यंत्रापेक्षा हा नियम जास्त हुशार.

पुढच्या दहाएक वर्षांत ही पद्धत युरोपात पसरली. अमेरिकेने मात्र १९०८ पर्यंत परवानगी दिली नव्हती.

वाचायचं कसं? तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा, अक्षरं उठून दिसतात. पालथ्या बाजूने अर्थातच उलटी. कधीकधी मात्र ती समोरूनच उलटी असतात, कारण ताव घडी घालून यंत्राखाली सरकवला की एकाआड एक तिकिटं आरशातली निघतात. एखादी सुई मोडलेली असली तर प्रत्येक तिकिटात तेच भोक गायब. त्यावरून दोन तिकिटं एकाच यंत्राखालून गेली का, याचा अंदाज बांधता येतो. रविवार कसा जातो कळत नाही.

१९२० च्या दशकात कार्यालयांत पाकिटावर थेट टपालखर्चाचा शिक्का छापणारी मीटर यंत्रं आली. तिकीटच नाही तर चोरायचं काय! पर्फिनची गरज हळूहळू सरली.

एक विनंती. जुनं पाकीट हाती लागलं तर तिकीट कापून वेगळं करू नका. एकच आद्याक्षरं चार-चार कंपन्यांची असतात, आणि भोकं पाडून घेणारी कंपनी नक्की कोणती, हे पाकिटावर छापलेल्या तिच्या नावपत्त्यावरूनच कळतं. माझ्या वहीत कितीतरी तिकिटांखाली म्हणूनच नुसतं प्रश्नचिन्ह आहे.