येतच नाही म्हणणारा मुलगा

मी लहान मुलांना क्राफ्ट शिकवते, वर्गातही आणि कधीकधी लोकांच्या घरी जाऊनही. घरी बोलावणाऱ्यांचं कारण बहुतेक एकच, मोबाईल सुटत नाही. या मुलाच्या आईचंही तेच, पण पुढे ती म्हणाली, ''ताई, सहा वर्षांचा झाला तरी साधा कागद कापता येत नाही हो त्याला, दोन मिनिटांत फेकून देतो आणि परत मोबाईल मागतो.''

गेले. पिशवीत रंगीत कागद, गोंद, गोल टोकाच्या कात्र्या, सगळं नेहमीचं. मासा करायचा होता, अगदी सोप्पा. पठ्ठ्याने पेन्सिलीने मासा तर झकास काढला, डाव्या हाताने. मी बघितलं आणि बघून सोडून दिलं, त्याचं आत्ता लिहितानाही वाईट वाटतंय. मग त्याने कात्री घेतली तर कागद कापला जायच्या ऐवजी पात्यांच्या मधे नुसता दुमडायला लागला, चघळल्यासारखा. मी आपली नेहमीची टेप सुरू केली, अंगठा वर ठेव, कात्री नको कागद फिरव. तिसऱ्यांदा दुमडला तेव्हा त्याने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, ''मला येतच नाही.'' रडला नाही की चिडला नाही, कधीचं ठरलेलं सांगावं तसं सांगितलं.

मी तीच कात्री माझ्या डाव्या हातात धरून बघितली. माझाही दुमडला! इतकी वर्षं हेच काम करतेय आणि हे कधी करून बघितलं नव्हतं. नेहमीची कात्री उजव्या हाताने दाबली की पाती एकमेकांना घासून राहतात, डाव्या हाताने तोच जोर उलटा पडतो, पाती फाकतात आणि कागद मधल्या फटीत शिरतो, शिवाय आखलेली रेघ पात्याआड जाते ते वेगळंच. कात्री उलटी धरूनही उपयोग नाही, पाती तशीच राहतात. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते हे मला माहीत होतं, पिशवीत मात्र एकही नव्हती.

म्हटलं जाऊ दे कात्री, फाडूया. टीपॉयवरच्या पेपरचं एक पान त्याला दिलं. वरून खाली फाडलं की लांब सरळ पट्टी निघायची, तेच आडवं फाडलं की वाट्टेल तिकडे जायचं. तो थांबला, परत करून बघितलं आणि म्हणाला, ''इकडून ऐकतो, इकडून नाही ऐकत.'' मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात म्हणून असं होतं, एवढंच मी सांगितलं, तर तो उठून घरभर कागद हुडकायला लागला, वहीचं पान, जुनं पाकीट, काय काय, कुठला कुठून ऐकतो ते बघायला. मी नुसती बसून होते. तासाभराने आजोबा पेपर शोधत आले तेव्हा कळलं की तो आजचाच होता, आणि तोपर्यंत त्याची खवलं होऊन माशाला चिकटली होती.

पुढच्या वेळी डावखुऱ्यांची कात्री घेऊन गेले आणि तिथेच ठेवून आले. दोन दिवसांनी आईचा फोन, हॉलच्या पडद्याची खालची पट्टी कापलीये म्हणून. मी सॉरी म्हणणार तेवढ्यात तीच म्हणाली, ''पण सरळ कापलीये हो ताई!''