झडप, दाढ आणि रेशनकार्ड

2022 च्या चैत्रात आम्ही वणीच्या गडावर गेलो होतो. गडावर आता ट्रॉली आहे, त्यामुळे वर जायचा त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो ट्रॉलीतून उतरून रांगेत लागल्यावर. चार पावलं टाकली की धाप. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, माझ्याआधी तुझेच गुडघे गेले की काय?" गुडघे ठणठणीत होते. रात्री आडवं झालं की खोकला यायचा आणि उठून भिंतीला टेकून बसलं की थांबायचा. मी नाशिकच्या सिडकोत घरीच ब्लाऊज शिवते. लग्नसराईची जागरणं अंगावर आली असतील असं धरून चालले आणि दीड महिना खोकल्याचं औषध पीत राहिले.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा लावली, आणि भलताच प्रश्न विचारला. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" मला काही आठवेना. दिंडोरीला आईला फोन लावला. तिला सगळं लख्ख आठवत होतं. मी चौथीत होते, आधी घोटा सुजला, तो उतरला तर गुडघा, मग मनगट. दोन महिने शाळा बुडाली. निरगुडीचा शेक दिला, तेलाने मालिश केली, बरी झाले. "ते आत्ता कशाला काढलं?" आई म्हणाली.

काढलं, कारण मूळ तिथेच होतं. घसा दुखतो, त्यातले काही जंतू असे असतात की त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर घाव घालतं. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र वण राहतो आणि तो वीस-पंचवीस वर्षं हळूहळू आवळत जातो. डॉक्टर मंडळींत एक जुनं वाक्य आहे म्हणे, हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. त्या वेळी पेनिसिलिन सुरू झालं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, मायट्रल, नीट उघडते तेव्हा तिचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. माझं 0.9 होतं. आकड्यावरून काही कळेना, म्हणून घरी येऊन बटणांचा डबा उपडा केला. चांगली झडप म्हणजे कोटाचं मोठं बटण. माझी शर्टाच्या बटणावर आली होती. ह्यांना ते दोन्ही हातावर ठेवून दाखवलं, तेव्हा त्यांनी अंबडच्या कंपनीत फोन करून दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालयात दाखवलं. पहिली आशा फुग्याची होती. मांडीच्या शिरेतून नळी वर नेतात, झडपेत फुगा फुगवून चिकटलेले पडदे सोडवतात, दोन-तीन दिवसांत घरी. पण माझ्या झडपेवर चुना साचला होता आणि ती गळतही होती. अशा झडपेत फुगा फुगवला तर गळती वाढते. म्हणजे झडप बदलायची. मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी मिळाली.

मग पंचवटी एक्स्प्रेस. नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमाराला चढायचं, दादरला उतरायचं, टॅक्सी करायची. जून ते सप्टेंबर ही वारी किती वेळा झाली ते मोजलं नाही. कसाऱ्याच्या घाटात धुकं बघायला पूर्वी खिडकीशी भांडायचे, आता खिडकी मिळाली तरी डोळे मिटून बसायचे. मुंबईत पुन्हा इको झाला, या वेळी नळी गिळून. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो केळ्याच्या एसेन्ससारखा लागतो, आणि मग बोटाएवढी नळी अन्ननलिकेत उतरते. पाच-सात मिनिटांचं काम, पण तेवढ्यात माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं की सिस्टरांनी पदरानेच पुसलं, माझ्याच. आत रक्ताची गाठ नाही ना ते बघायचं होतं. नव्हती.

वाटलं, आता तारीख. तर डॉक्टर म्हणाले, "दातांच्या डॉक्टरांचं पत्र आणा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. हृदयाचा आणि दातांचा संबंध काय? संबंध असा, की किडलेल्या दातातले जंतू रक्तात उतरतात आणि कृत्रिम झडपेवर जाऊन बसतात. तिथे एकदा बस्तान बसलं की औषधाने निघता निघत नाहीत. म्हणून आधी तोंड साफ, मग छाती उघडायची. माझ्या दोन दाढा किडलेल्या होत्या.

नाशिकला एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी इकोचा रिपोर्ट पाहून हात मागे घेतला. "हार्टच्या पेशंटची दाढ मी काढणार नाही. हार्टवाल्यांचं पत्र आणा." हार्टवाले म्हणत होते दातवाल्यांचं पत्र आणा, दातवाले म्हणत होते हार्टवाल्यांचं. दोघांच्या मध्ये कसाऱ्याचा घाट. त्यात जुलैच्या पावसाने एकदा गाडीच रद्द. अखेर मुंबईलाच दंतविभागात दोन्ही दाढा काढल्या, एका बैठकीत एक. भूल देऊन ओढली, बोळा दाबून धरायला सांगितला, झालं. एवढ्याशा कामाला पाच आठवडे गेले.

ते पाच आठवडे तसेही रेशनकार्डात जाणार होते. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून व्हायचा होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. (आता पाच लाख आणि सगळ्यांनाच आहे.) आमचं केशरी होतं. त्यावर सासूबाई, हे, दोन्ही मुलं. मी नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माझं नाव माहेरच्या कार्डावरच होतं, कुणाला कमी करायचं सुचलंच नाही. मग भावाने तालुक्याला चकरा मारून नाव कमी केल्याचा दाखला काढला, तो घेऊन आम्ही इकडच्या खिडकीवर. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी काही न बोलता इकोचा रिपोर्ट काउंटरवर ठेवला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यावर 'सिव्हिअर' या शब्दाला लाल पेनाने गोल केला होता. त्या कारकुनाने तो गोल बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तासाभरात नाव चढवून दिलं. वय मात्र 36 च्या ऐवजी 63 पडलं. रुग्णालयात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राने कार्ड आणि आधार शेजारी शेजारी धरून "ताई, छान राखलंय तुम्ही स्वतःला" म्हटलं आणि आधारवरचं वय धरलं. पूर्वमंजुरी आली.

तारीख मिळाली ती पितृपंधरवड्यातली, अविधवा नवमीच्या दुसऱ्या दिवशीची. सासूबाईंनी पंचांग मिटून ठेवलं. "त्यानंतर सहा दिवसांनी घटस्थापना आहे, तेवढं थांबायला सांगा." त्यांचं चुकत नव्हतं, जीव तुटत होता त्यांचा. पण ही तारीख सोडली तर पुढची कधी ते कुणी सांगू शकत नव्हतं. मी म्हटलं, पितर माझेही आहेत, बघतील. ह्यांचे चार मित्र कंपनीतून रजा काढून रक्त द्यायला आले, येताना भडंगाची पिशवी घेऊन, जशी काही सहलच.

आदल्या दिवशी एका निवासी डॉक्टरताईंनी झडप कोणती ते समजावलं. प्राण्यांच्या ऊतीची झडप बसवली तर रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर लागत नाहीत, पण ती झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. म्हणजे पुन्हा छाती उघडा. धातूची टिकते, पण गोळी जन्माची. पुढे मूल हवं असेल तर त्या गोळ्या धोक्याच्या. मला दोन मुलं आहेत, तो प्रश्न नव्हता. धातूची ठरली. कंपनीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "चित्रा. आपल्याकडचीच आहे."

तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनल संस्था आहे. 1980 मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. तिथे हृदयाचे सर्जन डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअरांनी ही झडप घडवली. आधीचे नमुने फसले, तरी चिकाटी सोडली नाही, आणि डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली. परदेशी झडप आपल्याकडच्या पेशंटला परवडत नव्हती, म्हणून हा खटाटोप. डॉक्टरताईंकडे एक नमुना होता, तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. धातूचं कडं, मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती, ती फुंकरीनेही कलते. आणि कड्याला बाहेरून कापडाची गोट! पॉलिस्टरची, गुबगुबीत, गळ्याला पायपिंग लावतो तशी. टाके त्या गोटेतून घालतात. मी ती उलटसुलट करून बघत बसले. ताईंना वाटलं मी घाबरले. मी विचारलं, टाके किती घालता? त्या हसल्या, म्हणाल्या, बारा-पंधरा तरी.

ऑपरेशनचं मला काय माहीत असणार. छातीचं मधलं हाड उभं कापतात, यंत्र हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करतं, तेवढा वेळ हृदय थांबलेलं. बाहेर ह्यांनी पाच तास काढले, ते त्यांनाच विचारा. मला आठवते ती आयसीयूमधली तहान. झाकणाने मोजून पाणी. मी सिस्टरांना म्हटलं, गोदावरीला पूर आलाय आणि तुम्ही झाकणाने देताय. मग ते तीन चेंडूंचं खेळणं. नळीतून श्वास आत ओढायचा की चेंडू वर जातात. पहिल्या दिवशी एकही हलेना, घरी सुटताना दोन वर जात होते. खोकला आला की उशी छातीशी कवटाळून खोकायचं. टाके मी आरशात पाहिले. टीप सरळ होती.

झडपेचा आवाज येतो, टिकटिक. पंधरा दिवस त्याने झोप लागेना. मग मशीनचा आवाज जसा कानाआड होतो तसा तोही झाला. मशीनवर बसायला मात्र तीन महिने बंदी होती. हाड जुळेपर्यंत जोर नाही, वजन नाही. त्या दिवाळीला पहिल्यांदाच माझ्याकडे एकही ब्लाऊज नव्हता.

खरी कसरत घरी आल्यावर. संध्याकाळी सातची गोळी, असेनोकुमरॉल, कधी अर्धी, कधी पाऊण. आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा. माझा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गाठ धरते, वर गेला तर रक्त थांबत नाही. डिसेंबरात आकडा 1.6 आला. गोळी एकही चुकली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाताय?" मेथी! थंडीत आमच्याकडे दहा रुपयांना दोन जुड्या मिळतात, रोज भाजी, ठेपले, मेथीची गोळाभाजी. हिरव्या पाल्यातलं क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. मला वाटलं आता पालेभाजी बंद. तसं नाही, म्हणाले. खा, पण बारा महिने साधारण तेवढीच. नाशिकच्या हिवाळ्यात हे सांगणं सोपं आहे! जाऊबाईंनी सांधेदुखीची गोळी दिली होती, ती मात्र तोंडात जाता जाता थांबवली. त्या गोळ्या याच्यासोबत चालत नाहीत.

शिवाय दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, बारा लाख युनिटचं, तो जुना ताप उलटू नये म्हणून. ते द्यायला जवळचे दवाखाने तयार होत नाहीत, रिअ‍ॅक्शनची भीती. पाच ठिकाणी नकार ऐकून आता एक जागा पक्की झाली आहे. तिथल्या सिस्टर जाड सुई घेतात आणि न थांबता देतात, कारण थांबलं की ते पांढरं पाणी सुईतच गोठतं. त्या दिवशी मी मशीनवर एका बाजूला कलून बसते.

गेल्या महिन्यात उरलेल्या दाढांपैकी एक ठणकायला लागली. आधीच्याच दवाखान्यात गेले. नंबर आला, फाईल टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं आणि हात मागे घेत म्हणाले, "हार्टवाल्यांचं पत्र लागेल."

मी पिशवीतून काढून दिलं. आयएनआरचा कागद त्याला टाचलेला होता, आणि जंतू रक्तात उतरू नयेत म्हणून दाढेच्या कामाआधी घ्यायच्या चार कॅप्सूल तासाभरापूर्वी घरूनच घेऊन निघाले होते.