रोजची भाकर

दुपारी साडेबाराला डब्याच्या मावशींचा फोन आला, "दादा, आज रोजचीच भाकर देऊ का? नाचणीची पण केलीय." मी म्हटलं रोजचीच द्या. फोन ठेवला आणि तोंडातून आपोआप पुढची ओळ निघाली, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. मावशींचं मागच्या महिन्याचं बिल बाकी आहे, तो भाग वेगळा.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' आमच्या ख्रिस्ती घरात येशूने शिकवलेली ही प्रार्थना जेवणाआधी व्हायची, चुलीवर खरोखर भाकर फुगत असताना, त्यामुळे देवाला नेमकं काय मागतोय याबद्दल मला लहानपणी कधीच शंका आली नाही. ज्वारीची, वरून पापुद्रा सुटलेली, कडेला जरा करपलेली. येशूने पाच हजार लोकांना जेवू घातल्याच्या बायबलमधल्या गोष्टीत 'जवाच्या पाच भाकरी' आहेत, ते मी कित्येक वर्षं ज्वारीच्याच ऐकत होतो, आणि सोबतचे दोन मासे म्हणजे सुके बोंबील, कारण नगरकडच्या आमच्या गावात बाजाराच्या दिवशी तेवढेच मासे पोचायचे. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या हे ऐकून आजी म्हणायची, दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून खाल्ल्या असतील, एवढी भाकर कोण टाकून देतंय. येशू गालील समुद्राच्या काठी असला तरी माझ्या डोक्यात तो नदीच्या वाळूत मांडी घालून बसलेला असायचा, एका हातात भाकर, वर कांदा.

घोटाळा चर्चमध्ये झाला. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या विधीच्या वेळी पाळकसाहेब गंभीर आवाजात म्हणाले की येशूने भाकर घेतली आणि मोडली, आणि थाळीत बघतो तर स्लाइस ब्रेडचे चौकोनी तुकडे! मी चांगलं मोठ्याने म्हणालो, ही कुठंय भाकर, हा तर पाव आहे. आईने असा चिमटा काढला की अजून आठवतो. पण घरी आल्यावर आजी माझ्या बाजूने होती. तिचा राग वेगळाच, तिला 'बेखमीर भाकरीचा सण' हे शब्दच पटायचे नाहीत. "भाकरीत कुठून आलं खमीर? सगळ्याच भाकरी बेखमीर." म्हणजे मोशेच्या ज्यू लोकांना मिसरातून, इजिप्तमधून, घाईने निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही म्हणून जे खावं लागलं, ते आजी आयुष्यभर रोज दोन वेळा थापत होती, आणि त्याचा सण कशाला करायचा हे तिला कळत नव्हतं.

आता वाटतं, बायबल मराठीत आणताना ज्या कोणी 'भाकर' हा शब्द निवडला त्याच्यासमोर काय काय पर्याय असतील. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, 1811 मध्ये छापला, मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा 1826 मध्ये आला. मूळ ग्रीक शब्द आर्टोस, साधी रोटी. अन्न म्हणता आलं असतं, पण ते फार भटजींच्या तोंडचं वाटतं. पोळी म्हटली की सण आला, आणि देवाकडे रोज पुरणपोळी मागायची म्हणजे जरा अतीच. पाव खरं तर सगळ्यात जवळचा, पण विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी ज्या मुलखात सांगतात तिथे 'आमचा रोजचा पाव' म्हणून बघा बरं. हिंदीत रोटी आहे. कोंकणीत गिरास, म्हणजे घास, आणि गंमत बघा, ज्या गोव्याने पाव भाजायला पोर्तुगिजांकडून शिकून घेतलं त्यांच्याही प्रार्थनेत पाव नाही.

'रोजची' हा तर त्याहून मोठा गुंता आहे. तिथला मूळ ग्रीक एपिऊसिओस हा शब्द मत्तय आणि लूक यांनी आपापल्या शुभवर्तमानात दिलेल्या याच प्रार्थनेत येतो, त्यामुळे विद्वान अजून भांडतायत, आजची का उद्याची का गरजेपुरती. संत जेरोमने लॅटिन करताना तर एकाच शब्दाचं लूकमध्ये 'रोजची' केलं आणि मत्तयमध्ये 'पदार्थापलीकडची' असं काहीतरी अगम्य. उद्याची भाकर आज मागण्यात काही अर्थ नाही एवढं आजीने सांगितलं असतं, शिळी होते, आणि 'भाकर मागितली तर धोंडा देईल असा बाप कोण' हे वाक्य तर तिला शिळ्या बाजरीच्या भाकरीवरूनच सुचलेलं वाटायचं.

एकदा शाळेत एका पोराने म्हटलं, तुम्ही लोक भाकरीसाठी बाटलात. रडत घरी आलो. आजी पीठ मळत होती, थांबली नाही. तिची आजी 1876 च्या मोठ्या दुष्काळातली. ख्रिस्ती होण्याआधी त्यांच्या घराकडे गावकीचं काम, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी दारोदार उभं राहून 'भाकर वाढा माय' म्हणून ओरडायचं, वरून टाकलेली ओंजळीत घ्यायची, शिळी असली तरी. दिवसभराच्या कामाचीच ती, पण मागायची भिकेसारखी. आजी म्हणाली, "भाकर आधीबी मागतच होतो की. पण आमची म्हणून नव्हती मागता येत."

एवढं बोलून तिने भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

डबा आला. मावशींनी नाचणीचीच दिलीय.