पुन्हा टेकडीवर

आज पहाटे बऱ्याच काळानंतर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर धावले आणि मनाला फार बरे वाटले. पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूने अंग पार मोडून काढले होते. ताप उतरल्यावरही थकवा हटेना, आणि त्यातून सावरते न सावरते तोच टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, दुखावली. स्नायूंच्या मानाने कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती सावकाश भरून येते. दम आधी परत येतो आणि नेमक्या त्याच उत्साहात माणूस पुन्हा जायबंदी होतो, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते.

खरी अडचण मनाची होती. १९८३ पासून चालत आलेल्या पुणे मॅरेथॉनच्या गप्पा डिसेंबरात कानावर पडल्या की उमेद वाढण्याऐवजी खचत असे, आणि पहाटेच्या गारठ्यात पांघरूण दूर सारण्याचे बळच उरले नव्हते. अखेर धाकट्या बहिणीने, "ताई, धावू नकोस, नुसती चल," असे म्हणून मला बाहेर काढले, याबद्दल तिचे ऋण मोठे आहे.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूचा चढ आम्ही चालतच चढलो. माथ्यावरच्या सपाट वाटेवर, गिरिपुष्पाच्या वाळक्या पानांतून मोराची केका ऐकू आली तेव्हा, पाय आपोआप धावू लागले. थोडे धावणे, थोडे चालणे असेच केले. टाच ताठरली, पण दुखली नाही.

उद्या विश्रांती घेऊन फक्त पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम करायचा आणि परवा पुन्हा टेकडीवर जायचे, असे ठरले आहे.