'माय'मधला म, 'मूळ'मधला ळ आणि मोजणीतल्या चुका

मराठवाड्यात आईला 'माय' म्हणतात. जगातल्या भाषांचे ध्वनी नोंदवणारा 'फॉइबल' नावाचा मोठा संग्रह आहे. त्याच्या 2019 च्या आवृत्तीत 3020 नोंदी आहेत. त्यांतल्या 96 टक्के नोंदींत म सापडतो, 90 टक्क्यांत य आणि 86 टक्क्यांत आ-सारखा स्वर. म्हणजे 'माय'मधला प्रत्येक ध्वनी जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. 'मूळ' म्हणा, की चित्र पालटतं. ळ दहा टक्के नोंदींतसुद्धा नाही.

पण म्हणून 'ळ फक्त मराठीत आहे' असं म्हणू नका. हे विधान साफ चूक आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, गुजराती, राजस्थानी, ओडिया, पंजाबी या सगळ्यांत ळ आहे. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी होते. नांदेड जिल्ह्यात तर देगलूर-बिलोलीकडची तेलुगू, तांड्यावरची बंजारा लोकांची गोरमाटी आणि मराठी, तिन्हींत तो ऐकू येतो. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी आदिवासी भाषांतही ळ आणि ण आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींत स नाही! स जगातल्या 67 टक्के नोंदींत आहे. जगात दुर्मीळ असलेला ध्वनी एखाद्या मुलखात घरोघरी असतो, तो असा.

टक्केवारी वाचताना तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, 3020 हा आकडा नोंदींचा आहे. भाषा 2186 आहेत. एकेका भाषेच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, त्यामुळे '96 टक्के भाषांत' असं लिहू नये. दुसरं, त. यादीत हिरड्यांवर जीभ टेकवून काढलेला त 68 टक्के दिसतो आणि दातांवर टेकवून काढलेला, म्हणजे आपला, वेगळा 23 टक्के. मूळ वर्णनकारानं जीभ कुठे टेकते ते लिहिलंच नसेल, तर नोंद पहिल्या खात्यात पडते. त्यामुळे आपला त दिसतो तेवढा दुर्मीळ नाही. तिसरं, ङ. स्वतंत्र ध्वनी म्हणून तो 63 टक्के नोंदींत आहे, मराठीत मात्र जवळजवळ नेहमी 'अंग', 'पंखा' अशा शब्दांत क-वर्गातल्या व्यंजनाच्या आधीच येतो. तो अर्थ बदलत नाही, म्हणून त्याला स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारा स्वतंत्र ध्वनी, धरत नाहीत.

अर्थ बदलतो का, ही खरी कसोटी. वेळ-वेल, काळ-काल, मूळ-मूल: ळ आणि ल वेगळे. मण-मन: ण आणि न वेगळे. अक्षरावर मात्र विसंबू नका. 'तो जात आहे' आणि 'जात-पात' यांतला ज लिहायला एकच, बोलायला दोन. वर्णमाला मोजून ध्वनी मोजले, असं समजणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो.

आता आपल्या गावच्या बोलीतल्या ध्वनींची यादी करायची असेल तर. शब्द वाचायला देऊ नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. कागद हातात आला की माणूस शाळेतलं बोलतो. मराठवाड्यात खेड्यापाड्यांत 'पानी', 'लोनी', 'कोन' सर्रास ऐकू येतं, पण वाचताना तोच माणूस स्वच्छ ण काढतो. लोण्याचा गोळा समोर ठेवा आणि 'हे काय?' असं विचारा. प्रत्येक शब्द तीनदा, तोही वाक्यात घालून म्हणवून घ्या.

ध्वनिमुद्रण 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. पंखा बंद. व्हॉट्सॲपचा आवाज-निरोप चालत नाही, कारण दाबलेल्या फाइलीत वरच्या पट्टीतला, म्हणजे उंच सुराचा, स-सारखा सुस्कारा जातो, आणि 'चारा'मधला दंत्य च 'चार'मधल्या तालव्य चपासून ओळखायचा तो नेमका त्याच सुस्काऱ्यावरून. दंत्य चचा जोर वरच्या पट्टीत असतो, तालव्य चचा त्याच्या खाली.

ळ आणि णसाठी मात्र त्या व्यंजनाच्या आधीचा स्वर पाहा. 'प्राट' हे आवाजाचा आलेख दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा, 'वेळ' आणि 'वेल' शेजारी ठेवा: 'वेळ'मध्ये ए संपता संपता आलेखातली खालून तिसरी गडद पट्टी (फॉर्मंट) खाली झुकते. जीभ मागे वळल्याची खूण आधीच्या स्वरातच उमटते. मराठीत ळ-णने शब्द सुरू होत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच असावं: आधी स्वर नसेल तर कानाला खूणच मिळत नाही.

म्हैस, न्हावी, कोल्हा यांतले म्ह, न्ह, ल्ह एकेक ध्वनी धरायचे की जोडाक्षर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहीही धरा, पण काय धरलं ते यादीच्या वर लिहा, नाहीतर दोन गावांच्या याद्यांत तीन-चार ध्वनींचा फरक निव्वळ मोजण्याच्या पद्धतीमुळे दिसेल. आणि णपुढे नुसतं 'आहे' लिहू नका. 'वाचताना आहे, बोलताना नाही' असं लिहा, शेजारी बोलणाऱ्याचं वय आणि शाळा कितवीपर्यंत झाली तेही.